छोट्या ट्रॅक्टरचं ऑइल वाढतंय आणि पाणी कमी होतंय. इंजिन खोलायचं का?

थॉमसनवाला (सोमवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. ट्रॅक्टर २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, चौथं वर्ष चालू, मीटरवर १,१४० तास. काम म्हणाल तर बारा आण्याचं फवारणीच्या ब्लोअरचं, उरलेलं रोटाव्हेटर आणि शेणखताची ट्रॉली.

गोडी छाटणी उरकली, आता डाउनी रोगाच्या धाकाने दिवसाआड फवारणी चालू आहे. गेल्या आठवड्यापासून तिसऱ्या टाकीला, म्हणजे साधारण अकराच्या सुमाराला, तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागतो. लाल पट्टीला टेकला नाही अजून. सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं की पाणी बोटभर खाली. मी बोअरचं ओततो. पहिल्यापासून तेच ओततोय.

दुसरं म्हणजे ऑइल बदलून ४० तास झाले आणि मापाच्या काडीवर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे. पाणी कमी आणि ऑइल जास्त, म्हणजे पाणी इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय ना? गावातला फिटर म्हणतो हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं, इंजिन खोलावं लागेल, चार दिवस धरा. चार दिवस ब्लोअर बंद ठेवला तर बाग हातची जाते. काय करू?

शिवाय एक जुना घोळ. ऑइल तासांवर बदलायचं की हंगामाला एकदा?

तासगावकर (सोमवार, रात्री १०:०५)

दादा, खोलू नका. आधी ऑइलचा रंग सांगा. दुधाच्या चहासारखं झालंय का काळं आहे? भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय धरलीय का?

थॉमसनवाला (सोमवार, रात्री १०:२०)

काळंकुट्ट आहे. ४० तासांत इतकं काळं झालं ही पण शंकाच आहे. साय नाही.

पाना_नंबर_तेरा (मंगळवार, सकाळी ६:१५)

मी २८ वर्षं ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता घरी बसून इथे डोकं खातो. इंजिन खोलायच्या आधी पाच मिनिटांत करायच्या चार गोष्टी सांगतो, कामावर निघायच्या आत करून बघा.

ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा असेल तर चालू करू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते रात्रीतून तळाला बसतं. चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करा, काढू नका, आणि पहिले चार थेंब वाटीत धरा. पाणी असेल तर पहिलं पाणीच येणार. मग बोल्ट आवळा.

काडीवरचा एक थेंब तापल्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे, नुसता धूर निघाला तर नाही. (घरातला तवा घेऊ नका, घरधनीण तुम्हाला तव्यावर टाकेल.)

तिसरं, काडीचा वास घ्या. ऑइल डिझेलनेही वाढतं. पंपाचं सील गेलं की डिझेल चेंबरमध्ये झिरपतं, ऑइल पातळ होतं, वास लपत नाही. वर्तमानपत्रावर थेंब टाकला तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरतं.

चौथं, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा आणि आत बघा. सुरुवातीचे दोनचार बुडबुडे सोडून द्या. सतत उकळी फुटल्यासारखे बुडबुडे येत राहिले तर गॅसकेटचा संशय खरा.

आणि मला एकच सांगा, ऑइल बदललं तेव्हा किती ओतलं?

थॉमसनवाला (मंगळवार, सकाळी ७:५०)

पाणी आलं नाही. थेंब तडतडला नाही. वास नेहमीचाच. बुडबुडे नाहीत.

किती ओतलं म्हणजे, फिटरने पाच लिटरचा डबा आणायला सांगितला, मी आणला, त्याने ओतला. डबा रिकामा होता जाताना, कारण आईने तो रॉकेलसाठी ठेवून घेतला.

पाना_नंबर_तेरा (मंगळवार, सकाळी ८:००)

आता पुस्तक काढा. मागच्या पानांवर क्षमतांचा तक्ता असतो. इंजिन ऑइल, फिल्टरसकट, किती?

थॉमसनवाला (मंगळवार, सकाळी ८:२५)

पुस्तक धान्याच्या कोठीवर सापडलं. ३.७ लिटर.

पाना_नंबर_तेरा (मंगळवार, सकाळी ८:३०)

हे तुमचं हेड गॅसकेट. सव्वा लिटर जास्तीचं.

फिटरला शिव्या देऊ नका. त्याचा हात ४०-४५ एचपीवर बसलाय. त्या इंजिनात सहा, सात, आठ लिटर जातं, पाचचा डबा ओतूनही वर घालावं लागतं. छोट्या ट्रॅक्टरला तोच हात चालत नाही. ३.७ मध्ये सव्वा लिटर जास्त म्हणजे तिसरा हिस्सा जास्त.

जास्त ऑइल म्हणजे जास्त वंगण, असं नसतं ते. क्रँक फिरताना ऑइलमध्ये बुडतो, ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेसात हवा असते, पंप हवा ओढतो, बेअरिंगला पुरता दाब पोचत नाही. घुसळण्यात ताकद जाते आणि उष्णता तयार होते, म्हणजे तुमच्या वर चढणाऱ्या काट्यालाही ते हातभार लावतंय. आणखी वाईट म्हणजे ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून ऑइल हवेच्या वाटेला गेलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवर चालू शकतं. मग स्टॉप ओढला तरी बंद होत नाही, आपणच वेग घेत जातं. मी असं एकदाच पाहिलंय. हवेच्या तोंडावर ओलं पोतं दाबून बंद केलं होतं, त्यानंतर आठ दिवस माझे कान वाजत होते.

आज फवारणीच्या आधी ऑइल काढा, काडीच्या दोन खुणांमध्ये आणा. माप सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, काडी पुसून पुन्हा घालून.

वरुडचा_संत्रावाला (मंगळवार, दुपारी १:१०)

वा भाऊ, चार दिवसांचं काम एका डब्यावर निघालं. पण काळ्या रंगाचं राहिलंच की. आमच्याकडे लोक काळं दिसलं की बदलतात.

घट्टपणा (मंगळवार, दुपारी २:३०)

वंगणाच्या धंद्यात आहे, ब्रँड सांगणार नाही, विचारू नका.

डिझेलमध्ये ऑइल काळं होणं ही तक्रार नव्हे, ते त्याचं काम आहे. जळणाची काजळी ऑइलमधली रसायनं धरून ठेवतात, गाठी होऊ देत नाहीत. नवं घातल्यावर दहा-वीस तासांत काळं होणारच, कारण जुनं थोडं आत राहिलेलं असतंच. उलट शंभर तासांनंतरही मधासारखं स्वच्छ दिसलं तर मला शंका येईल की ते काही धुतंय की नाही.

डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. १५ डब्ल्यू ४० मध्ये पहिला आकडा थंडीतला, दुसरा १०० अंश तापमानावरचा घट्टपणा. आपल्या हवेत १५ डब्ल्यू ४० बारमाही चालतं. दुसरी एपीआयची अक्षरं, म्हणजे ऑइलचा दर्जा. सीएफ ४ हा १९९० चा दर्जा, सीएच ४ हा १९९८ चा, सीआय ४ हा २००२ चा. पुस्तकात सीएफ ४ लिहिलं असेल तर सीएच ४ किंवा सीआय ४ चालतं, उलटं चालत नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ हा धुराचा नियम लागू झालाय, त्यांचं ऑइल वेगळं. दुकानदार ते महागडं तुमच्या २४ एचपीला खपवायला बघेल, गरज नाही.

नांगरट (मंगळवार, दुपारी ३:१५)

आमचे वडील १०० तासांना बदलायचेच. पुस्तक २५० म्हणो नाहीतर ५०० म्हणो.

घट्टपणा (मंगळवार, दुपारी ४:००)

वडील बरोबर होते, त्यांच्या काळात. डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं, जळून त्याचं आम्ल व्हायचं, ते ऑइलला खायचं. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल आहे, गंधक दहा लाखांत १० भागांपुरतं. म्हणून पुस्तकातले तास आता निर्धास्त पाळता येतात. पण तासांसोबत "किंवा एक वर्ष" लिहिलेलं असतं, ते लोक वाचत नाहीत. १२० तास चालून वर्षभर उभा असलेल्या ट्रॅक्टरचं ऑइलही बदलायचं.

पाना_नंबर_तेरा (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

तासांचं एक गौडबंगाल आहे. जुन्या यांत्रिक मीटरचा काटा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. ठरलेल्या आरपीएमला एक तास चाललं तरच तो एक तास दाखवतो. हळू चालवलं तर घड्याळात दोन तास जातात आणि मीटरवर एक. डिजिटल मीटर सरळ घड्याळासारखा. थॉमसनवाल्यांचं काम ब्लोअरचं, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर धरायचा म्हणजे इंजिन दिवसभर वरच्या फेऱ्यांवर. असे तास भारी असतात. पुस्तकात २०० लिहिलं असेल तर मी हंगामात १५० ला बदलीन. छोट्या इंजिनात ऑइल थोडं, तेवढीच काजळी थोड्या ऑइलला पेलावी लागते.

गोदाकाठची (मंगळवार, रात्री ८:२०)

मी दोन वर्षांपासून ऑइल स्वतः बदलते. पहिल्यांदा नवऱ्याने टॉर्च धरला होता, आता तोही लागत नाही. सांगायचं एवढंच की अवघड काही नाही, पण दोन ठिकाणी लोक चुकतात.

ऑइल गरम असताना काढायचं, दहा मिनिटं चालवून. थंडीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा सकाळी काढलं तर अर्धा गाळ चेंबरमध्येच बसून राहतो. बोल्टखालचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण जुनाच बसवला की थेंब थेंब गळत राहतो आणि मग लोक बोल्ट इतका आवळतात की चेंबरचा आटा जातो.

फिल्टर काढला की जुनं रबर इंजिनला चिकटलेलं नाही ना ते बोट फिरवून बघा. माझं एकदा चिकटलं होतं. दोन रबरांवर नवा फिल्टर बसवला, चालू केल्याबरोबर पिचकारी उडाली, साडी गेली. नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावायचं, रबर टेकलं की हातानेच पाऊण फेरा. पान्याने आवळायचं नाही, पुढच्या वेळी निघत नाही. मग चालू करून ऑइलचा दिवा चार-पाच सेकंदात विझतो का ते बघायचं, बंद करायचं, थांबायचं, पुन्हा काडी. फिल्टर भरल्यावर पातळी उतरते, तेवढंच वर घालायचं.

थॉमसनवाला (मंगळवार, रात्री ९:३०)

ताई, पाना काका, ऑइल काढलं. सव्वा लिटरच निघालं, मापून. आज तीन टाक्या मारल्या, इंजिनचा आवाजही हलका वाटला. पण काटा तिसऱ्या टाकीला चढलाच, आधीपेक्षा कमी. पाणी आजही उतरलंय.

बांधावरून (मंगळवार, रात्री ९:४५)

थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरकडे पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाका. आमच्याकडे सगळे काढतात, विषय संपतो.

पाना_नंबर_तेरा (मंगळवार, रात्री १०:००)

विषय संपतो, मग इंजिन संपतं. इंजिन थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं ऑइलमध्ये उतरतं, गाळ होतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की पाण्याची आडवाट उघडीच राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जातं आणि ट्रॅक्टर जास्तच तापतो. शंका असेल तर पातेल्यात दोरीने टांगा, पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडला की ठीक.

थॉमसनवाले, दोन गोष्टी बघा. रेडिएटरच्या पुढची जाळी, आणि बाजूची प्लॅस्टिकची बाटली. बाटलीत पाणी किती आहे?

तासगावकर (मंगळवार, रात्री १०:१०)

जाळीचं मी सांगतो, सगळ्या द्राक्षवाल्यांचं तेच दुखणं. ओळ संपवून पुढच्या ओळीत वळलं की आपणच सोडलेल्या तुषारातून ट्रॅक्टर जातो. पंखा ते सगळं आत ओढतो. वर धूळ, वाळकी पानं, गंधकाची भुकटी. आमच्या जाळीवर बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) हंगामात निळसर पापुद्रा धरतो, नखाने उचलला तर चकलीसारखा तुकडा पडतो. जाळी वर ओढून निघते, ती रोज संध्याकाळी धुवायची. रेडिएटरच्या पाती इंजिनच्या बाजूने पुढे अशी हवा मारून साफ करा, पुढून मारली तर घाण आणखी आत घुसते. वॉशिंग सेंटरचा पाइप जवळ धरू नका, पाती झोपतात, मग हवा जायची वाट कायमची बंद.

वरुडचा_संत्रावाला (बुधवार, सकाळी ७:००)

आणि ते बोअरचं पाणी. भाऊ, मी सहा वर्षं ओतलं. शेवटी शहरात रेडिएटरवाल्याकडे नेला, त्याने वरची टाकी उकलून दाखवली. चहाच्या किटलीच्या बुडाला बसतो तसा पांढरा थर, नळ्यांची तोंडं अर्धी बुजलेली. मला म्हणाला, काका, यात चुना आहे, पान लावता येईल.

घट्टपणा (बुधवार, सकाळी ९:१५)

कूलंटबद्दल, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाबद्दल, दोन टोकाची मतं आहेत, दोन्ही चूक. एक म्हणजे आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला. दुसरं म्हणजे पाणी न मिसळता डबा सगळा ओता, जास्त थंड राहील.

उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणून नुसतं घट्ट कूलंट घातलं तर इंजिन जास्त तापेल. आपल्याला कूलंट हवं ते गंज रोखणाऱ्या रसायनांसाठी आणि उकळबिंदू थोडा वर नेण्यासाठी. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणाचा डबा घेतला असेल तर पाणी अजिबात नको, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी हे कंपनीचे रंग, जात रंगावरून कळत नाही. वेगवेगळ्या जाती मिसळू नका, कधी कधी गोळे होतात.

मिनेसोटाकर (बुधवार, सायंकाळी ७:३०)

इकडे आमच्या पाच एकरांच्या आवारात २५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर बर्फ ढकलायला असतो. उणे २५ अंशांत पाणी असलेला ब्लॉक फुटतो, म्हणून कूलंटचं प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर ठेवतो. थेंब काचेवर टाकायचा आणि डोळ्याला लावायचा.

तासगावकर (बुधवार, रात्री ८:००)

अहो तो तर आमच्या प्रत्येकाच्या खिशात असतो, द्राक्षाच्या मण्यातली साखर, म्हणजे ब्रिक्स बघायला! चालेल का?

घट्टपणा (बुधवार, रात्री ८:२०)

तत्त्व तेच, आकडे वेगळे. ब्रिक्सचा आकडा म्हणजे कूलंटचे टक्के नव्हेत. पण युक्ती करता येते. नव्या कूलंटचं निम्मंनिम्म मिश्रण वाटीत करा, त्याची रेघ कुठे येते ते लिहून ठेवा, मग रेडिएटरमधला थेंब तुलना करून बघा. रेघ खाली आली तर पाणी जास्त झालंय. यातून प्रमाण कळतं, गंजरोधक शिल्लक आहे का ते कळत नाही, त्यासाठी पुस्तकातली मुदत पाळायची. नंतर काच साबणाने दोनदा धुवा. इथिलीन ग्लायकॉल विष आहे आणि चवीला गोड आहे. त्याच काचेवर मणी पिळून कोणी चाटला तर भलतंच व्हायचं.

गोदाकाठची (बुधवार, रात्री ८:४०)

गोड आहे म्हणूनच सांगते, काढलेलं कूलंट परातीत गोठ्याजवळ ठेवू नका. आमच्या शेजारच्या वस्तीवर कुत्रं प्यायलं, दोन दिवसांत गेलं. वासरूही तोंड घालतं.

थॉमसनवाला (गुरुवार, रात्री ९:१०)

बरंच काही झालं, सांगतो.

जाळी काढली. तासगावकर म्हणाले तसाच पापुद्रा, आमचा पिवळसर. जाळीच्या मागे रेडिएटरवर वाळक्या पानांचा बोटभर थर, खालच्या निम्म्या भागात. चार वर्षांत जाळी वर निघते हेच मला माहीत नव्हतं.

बाटली काठोकाठ भरलेली. रेडिएटर बोटभर रिकामा आणि बाटली भरलेली.

पाना_नंबर_तेरा (गुरुवार, रात्री ९:२०)

झाकण गेलंय. रेडिएटरच्या झाकणात दोन पडदे असतात. तापलं की एक उघडतो आणि जास्तीचं पाणी बाटलीत सोडतो, थंड झालं की दुसरा ते परत ओढून घेतो. रबर कडक झालं की परत ओढणं बंद, बाटली भरत जाते आणि रेडिएटर ओस. आणि दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं. झाकणावर ०.९ लिहिलेलं असेल, त्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. तोच आकडा असलेलं नवं आणा. बाटलीची नळी कुठे चिरलेली नाही ना तेही बघा. झाकण फक्त थंड इंजिनावर उघडा, माझ्या डाव्या मनगटावर १९९४ सालचा डाग अजून आहे.

थॉमसनवाला (रविवार, रात्री ८:३०)

शेवटचा हिशेब. नवं झाकण बसवलं. बोअरचं पाणी काढलं, चहाच्या रंगाचं निघालं. साध्या पाण्याने तीनदा धुतलं. पाना काकांनी फोटोवर दाखवला तो ब्लॉकचा वेगळा ड्रेनही उघडला, त्यातून आणखी दीड लिटर आलं. तो उघडला नसता तर नव्या कूलंटमध्ये जुनं पाणी मिसळून प्रमाण गेलं असतं. पंख्याचा पट्टा सैल होता, तोही ताणून घेतला. आज भर दुपारी पाच टाक्या मारल्या, काटा अर्ध्याच्या खाली.

फिटर येऊन बघून गेला. काही बोलला नाही, चहा प्यायला आणि पुस्तकातलं क्षमतेचं पान मोबाइलवर काढून नेलं. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून टाकलंय, ऑइल ३.७, कूलंट ४.८.

पाना_नंबर_तेरा (रविवार, रात्री ८:४५)

फिल्टरवर तास पण लिहा.

थॉमसनवाला (रविवार, रात्री ८:५०)

लिहिले होते, ऑइलच्या हाताने पुसले गेले. आता खिळ्याने कोरतो.

पाना_नंबर_तेरा (रविवार, रात्री ८:५१)

अहो फिल्टरवर खिळा नको!!